सप्टेंबरचे पाणी, मेचा मासा

कृषी आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही खात्यांची धोरणे ज्यांच्या सहीने ठरतात, त्या सर्वांस,



मी सांगोला तालुक्यातला डाळिंबवाला. बागेच्या वरच्या अंगाला माझे एक शेततळे आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. हे आकडे आपल्याला तोंडपाठ असतील. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा या मापाला ५० हजार रुपये अनुदान होते. पुढे २०२२ मध्ये मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत अनुदानाची कमाल मर्यादा ७५ हजारांवर गेली. माझे तळे पहिल्या योजनेतले. खोदाई सरकारच्या पैशात भागली, प्लास्टिकचे अस्तर सोसायटीच्या कर्जातून घातले. तक्रार तळ्याबद्दल नाही. त्या तळ्याने दोन दुष्काळी उन्हाळ्यांत माझी बाग वाचवली आहे. हे पत्र त्या तळ्यात सोडलेल्या माशांबद्दल आहे.

‘तळे आहेच, तर त्यात मासे सोडा, जोडधंदा होईल’, हे वाक्य मी कृषी मेळाव्यात ऐकले, प्रदर्शनात ऐकले, मोबाइलवरच्या व्हिडिओंत तर रोज ऐकतो. त्या व्हिडिओत एक माणूस तळ्याच्या काठावर उभा राहून लाखांचे हिशेब सांगतो आणि त्याच्या मागे पाणी काठोकाठ असते. ते चित्रीकरण मे महिन्यात का कोणी करत नाही, असा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला असता तर बरे झाले असते.

घरात पहिला अडथळा वडिलांचा. आमच्याकडून पंढरपूर तीसेक किलोमीटर. वडील माळकरी, वारी कधी चुकवलेली नाही. “पाण्यात जीव असावा, पण तो तोलून विकायचा?” एवढेच म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. मी हट्टाने पुढे गेलो.

बीज घेऊन पिकअप आली ती दुपारी एकच्या सुमाराला. विकणाऱ्याचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि दोष निम्मा माझ्या अडाणीपणाचा आहे. ऑक्सिजन भरून तोंड बांधलेल्या फुगीर पिशव्या होत्या. पावती झाली : ‘मिक्स बोटुकली, ५,००० नग’. मोजणी चहाच्या गाळणीने. एक गाळणी भरून पिल्ले मोजली आणि मग तशा किती गाळण्या झाल्या ते तोंडी. मी पैसे बोटुकलीचे दिले. पिशवीत होते ते माझ्या करंगळीच्या पेराएवढे जीव.

शब्दांचा हा घोळ साधा नाही, म्हणून थोडे थांबतो. अंड्यातून निघून चार दिवसांचे झालेले पोर म्हणजे जिरे, लांबी ६ ते ८ मिलिमीटर. ते इंचभर झाले की बीज. त्यापुढे अर्धबोटुकली, आणि बोटाएवढी, म्हणजे तीन-चार इंचांची झाली की बोटुकली. आपल्याच खात्याचे हे शब्द आहेत आणि किती नेमके आहेत. पण बाजारात बीज बोटुकलीच्या नावाने खपते, कारण पावतीवर लांबी लिहायची सक्ती कोणी करत नाही. इंचभराच्या पोरात कटला कोणता आणि मृगळ कोणता, हे माझ्यासारख्याला तर सोडाच, विकणाऱ्या पोरालाही सांगता येत नाही.

विकणाऱ्याने पिशव्यांची तोंडे सोडली आणि कढईत तेल ओतावे तशा तळ्यात उलट्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात वाऱ्याने सारलेली एक पांढरी रेघ दिसली. फेस असेल म्हणून जवळ गेलो. पोटे होती. चाळणीने काढून बादलीत भरत होतो, तेव्हा वडील काठावर येऊन उभे राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर सोपे गेले असते.

मासे सोडायची रीत मला पुढे भीमेकाठच्या एका मच्छीमार काकांनी शिकवली. ते आयुष्यभर उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी धरत आलेले. बांधलेली पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, पंधरा-वीस मिनिटे. मग तोंड सोडून तळ्याचे पाणी ओंजळीओंजळीने आत घालायचे. मग पिशवी आडवी करायची आणि मासा आपणहून बाहेर पडेपर्यंत हात मागे ठेवायचा. आणि हे सकाळी किंवा दिवस कलताना, भर दुपारी कधीच नाही. “आधी पिशवीला तळ्याचं पाणी कळू दे, मग माशाला,” असे ते म्हणाले. याला खर्च शून्य रुपये. तरी ही चार वाक्ये एकाही पावतीच्या मागे छापलेली मी पाहिलेली नाहीत.

आता मूळ मुद्दा.

आमच्या माणदेशात मृग नुसता गडगडतो. पडतो तो पाऊस उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. म्हणजे तळे भरते सप्टेंबरच्या शेवटी, कधी ऑक्टोबर उजाडतो. इकडे कटला, रोहू, मृगळ या माशांचा विणीचा हंगाम पावसाळा. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्प माशांना अंडी घालायला लावली. तोवर बहुतेक बीज पुराच्या नदीतून गाळून आणावे लागे. तो दिवस १० जुलै, आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून आपल्या कार्यालयांत साजरा होतो. त्या इंजेक्शनाने नदीची गरज संपवली, ऋतूची नाही. जिरे तयार होते ते जून ते ऑगस्टमध्ये. म्हणून आमचे तळे भरते तेव्हा बाजारात यंदाचे लहान पोर असते. लगेच थंडी लागते आणि थंडीत मासा अंग धरत नाही. फेब्रुवारीत ऊन तापून तो वाढायला लागतो, नेमकी तेव्हा माझी मोटर चालू होते, कारण आंबे बहार धरलेल्या डाळिंबाला पाणी तेव्हाच लागते. मासा वाढतो आणि पाणी घटते.

आकडे सांगतो. ३० बाय ३० च्या तळ्याला एकास एक उतार दिला की तळाशी २४ बाय २४ मीटर उरतात आणि भरल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. मेमध्ये माझ्याकडे मीटरभर उरते. हिशेब करून पाहा : सव्वासहा लाख लिटर. उरलेल्यातूनही उन्हाने नुसते उडून रोज जवळपास सेंटीमीटरभर खाली जाते. ते पाणी कोमट आणि शेवाळाने हिरवे असते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देते आणि रात्रभर परत ओढून घेते. वळवाच्या आदल्या ढगाळ रात्रीनंतर पहाटे साडेचारला मी माझे मासे तोंड वर काढून हवा चघळताना पाहिले. मोटर लावली, तळ्याचेच पाणी पाइपने उंचावरून तळ्यातच उडवत बसलो. दिवस वर येईपर्यंत निम्मे जगले. विकले तेव्हा एकेक मासा पावशेराच्या आतला, त्यात कटला म्हणून घेतलेले निम्मे मृगळ आणि न मागता आलेल्या चिलाप्या. चिलापी तळहाताएवढी होते न होते तोच वीण सुरू करते, पिल्ले तोंडात सांभाळते आणि बाकीच्यांचे खाद्य संपवते. बाजारात आंध्राचा किलोकिलोचा रोहू थर्माकोलच्या खोक्यातून बर्फात येतो. माझ्या पावशेऱ्यांना त्याच्या शेजारी कोण विचारतो?

मासा सोडायचा सप्टेंबरच्या पाण्यात, पण जगवायचा मेच्या पाण्यात. किती मासे सोडायचे याचे गणित मात्र भरल्या तळ्यावर मांडले जाते. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली हा प्रघात माझ्या नऊ गुंठ्यांना लावला तरी ४५० ते ९०० च येतात. मला विकले ५,०००. आणि मेचे २६ बाय २६ मीटरचे पाणी धरून, हेक्टरी ५,००० च्या हिशेबाने, आकडा येतो साडेतीनशेच्या आत. प्लास्टिकच्या तळ्याला गाळ नसतो, तळ चाटणाऱ्या मृगळाला तिथे निसर्गाचे काही मिळत नाही, सगळे पेंड-कोंड्यावर. म्हणजे मी साडेतीनशेच्याही खालीच थांबायला हवे. पण साडेतीनशे माशांवर लाखांचा व्हिडिओ होत नाही!

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही. आम्हाला वर्षाची, मुद्दाम खुंटवलेली बोटुकली द्या. ही विद्या नवी नाही, आंध्रातल्या तळ्यांवर ती रुळलेली आहे. गेल्या पावसाळ्यातले बीज दाटीने आणि कमी खाद्यावर वर्षभर राखायचे. ते लहानच राहते, पण मोकळ्या पाण्यात पडले की उपाशी पाहुण्यासारखे जेवते आणि अंगाला लागते. शंभर ग्रॅमचा मासा सप्टेंबरात सोडला तर मेपर्यंत विकण्याजोगा होतो. करंगळीच्या पेराएवढा होत नाही, मग मी कितीही पेंड घातली तरी. अशी बोटुकली राखायला तालुक्याला बारमाही पाण्याची दोन-चार संगोपन तळी लागतील. बचत गटाच्या बायका ती चालवतील. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान आहेच. पैसे नवीन तळे खोदायला मिळतात, तसेच ते बीज वर्षभर राखायलाही सहज मिळाले पाहिजेत.

दुसरे, पावतीवर जात, लांबी आणि तारीख. नुसते नग नकोत. खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश छापल्याशिवाय विकता येत नाही, मग सजीव बियाण्याला ही सूट का?

तिसरे थोडे नाजूक आहे. तळे खोदून देणारे खाते एक आणि मासे सोडायला सांगणारे दुसरे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, आनंद आहे. आता दोघांनी एका टेबलावर बसून तळ्याचा आराखडाही एकत्र काढा. मोटरचा फूट व्हॉल्व्ह (आम्ही त्याला फुटबॉल म्हणतो) तळापासून मीटरभर वर बसवा, म्हणजे शेवटचे पाणी मोटरला ओढताच येणार नाही. मला कबूल करायला हवे, बाग वाळायला लागली तर मीच तो फुटबॉल खाली सोडेन. डाळिंब आधी, मासा नंतर. पण निदान रागाच्या भरात नाही, विचार करून सोडेन. आमच्यासारख्यांच्या तळ्यात मासा हे दुय्यम पीक आहे, हे धरून सल्ला द्या. माशांसाठीच खोदलेल्या तळ्याचे पत्रक आम्हाला वाटू नका.

आणि हे चौथे नव्हे, खरे तर सगळ्यांच्या आधीचे. प्लास्टिकच्या तळ्याच्या कडेला शेवाळ धरले की पाय ठरत नाही. पोहणारा माणूसही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही नसते. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपणही वाचता. कितीदा लेकरू असते, कितीदा त्याला काढायला उतरलेला बापही. मासे सोडले की माणसाचे तळ्यावर जाणे दिवसातून दोनदा होते, खाद्य टाकायला, जाळे ओढायला. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर, एक टायरची ट्यूब आणि कुंपण, यांचा फोटो जोडल्याशिवाय मत्स्यबीजाचे एका रुपयाचेही अनुदान देऊ नका. आमच्यातले काही शिव्या देतील. देऊ द्या.

थाई मांगूरबद्दल एकच वाक्य. २००० सालापासून देशात बंदी असलेला हा मासा भीमेच्या खोऱ्यात चोरून पाळला गेल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत, आणि माझ्या तळ्याचा सांडवा ज्या ओढ्याला मिळतो तो शेवटी माणगंगेत जातो, तेव्हा सांडव्याला बारीक जाळी आणि बीजात काय आले याची तपासणी या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडू नका.

वडिलांचे सांगायचे राहिले. पहिल्या हंगामानंतर मी तळ्यात पाऊल टाकणार नाही म्हणालो होतो. पण जगलेल्यांतले पंधरा-वीस मासे मी विकले नाहीत, आणि ते आता वडिलांचे झाले आहेत. संध्याकाळी हरिपाठ झाला की शिळी भाकरी कुस्करून ते पूर्वेच्या कोपऱ्यात जातात. दोराला धरून बसतात, दोर त्यांनीच बांधून घेतला. काठीने कडेवर दोनदा टकटक केले की पाण्यावर गोल उमटतात. त्यातला एक गवत्या (ग्रास कार्प) हातभर झाला आहे, त्याला डाळिंबाच्या बागेतले तण आवडते. हा विकायचा नाही, एवढी माझ्याकडून शपथ घेतली आहे.

यंदा हस्ताला तळे भरले तर मी पुन्हा मासे सोडणार आहे. तीनशे, शंभर ग्रॅमच्या पुढचे, सूर्य कलल्यावर. अशी बोटुकली सांगोल्याच्या आसपास कुठे मिळतील ते आपल्या कार्यालयाने कळवावे. सोडायच्या दिवशी आपला माणूस पाठवलात तर बरे होईल. मोजायची पट्टी माझ्याकडे आहे.

आपला,
एक शेततळेवाला
ता. सांगोला, जि. सोलापूर