काम झाले, पैसे अडले

अमेरिकेतला पहिला मृदसंधारण जिल्हा १९३७ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या अ‍ॅन्सन कौंटीत, ब्राउन क्रीकच्या परिसरात उभा राहिला. राष्ट्रीय मृदसंधारण सेवेचे पहिले प्रमुख ह्यू बेनेट याच कौंटीचे. धुळीची वादळे उठत असताना त्यांच्याच आग्रहातून १९३५ चा माती वाचवण्याचा कायदा झाला.

त्याच परंपरेतली संघीय सरकारची ‘इक्विप’ योजना आज शेतावरच्या कुंपण, पाणवठे, आच्छादन पिके अशा कामांचा बराचसा खर्च उचलते. मेख एवढीच, की काम आधी, पैसे मागाहून. नवख्यांसारख्या काही गटांतील शेतकऱ्यांना उचल मिळते; बाकीच्यांनी पदरमोड करायची.

२०२२ च्या एका संघीय कायद्याने अशा संधारणासाठी सुमारे १९.५ अब्ज डॉलरची भर घातली. २०२५ च्या सुरुवातीला नव्या सरकारने या निधीतली देयके रोखली आणि खांब रोवून, तारा ओढून मोकळे झालेले शेतकरी बिले हातात धरून बसले.

नव्या सरकारने फेरविचार जरूर करावा, पण पुढच्या करारांचा. सही झालेल्या कराराचे पैसे अडवणे ही निव्वळ शब्द फिरवण्याची गोष्ट झाली. अशा देयकांना हात लावता येणार नाही, असे अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच लिहून टाकावे.