आधी साक्षीदाराला अभय द्या!

शाळेच्या संगणक कक्षात एखादे यंत्र बिघडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणी केले हे?" प्रश्न योग्यच आहे. पण तो बहुधा अशा आवाजात विचारला जातो, की ज्याला उत्तर ठाऊक असते तोच नेमका मान खाली घालून गप्प बसतो. बिघाड साधा असेल तर त्याने फारसे अडत नाही. मात्र तो 'ट्रोजन' जातीचा असेल, तर या गप्प बसण्याची किंमत सगळ्या शाळेला मोजावी लागते.

विद्यार्थिमित्रांनो, ट्रॉय नगराच्या वेशीवर ठेवलेल्या लाकडी घोड्याची ग्रीक गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ट्रोजन हे नाव त्यावरूनच आले. पण मला या कामी आपल्याकडची गोष्ट अधिक चपखल वाटते. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वत्सदेशाच्या उदयन राजाला पकडण्यासाठी उज्जयिनीचा राजा चंडमहासेन एक कृत्रिम हत्ती करवितो, त्याच्या पोटात सैनिक दडवितो आणि तो विंध्याच्या अरण्यात उभा करतो. उदयनाला हत्तींचा विलक्षण नाद. वीणा वाजवीत तो एकटाच त्या हत्तीजवळ जातो आणि अलगद सापडतो. आता पाहा, इथे सावजाची आवड आधी हेरली आणि मग तिच्या मापाचे आमिष तयार केले. ट्रोजन करणारेही हेच करतात. खेळांचे वेड असणाऱ्याला फुकटचा खेळ, दहावीच्या विद्यार्थ्याला 'फुटलेली' प्रश्नपत्रिका, तर पैसे वाचवू पाहणाऱ्याला महागड्या प्रोग्रॅमची मोफत प्रत!

विषाणू आणि ट्रोजन यांत फरक आहे, तो इथे समजून घेऊ. विषाणू दुसऱ्या फाइलला चिकटतो आणि आपल्या प्रती आपणच काढीत पसरतो. ट्रोजन सहसा तसे करीत नाही. तो चांगल्या प्रोग्रॅमचे सोंग घेऊन येतो आणि आपण उघडण्याची वाट पाहतो. सोंगही सोपे असते. फाइलच्या नावाचे शेपूट विंडोज ही प्रणाली एरवी लपवून ठेवते. त्यामुळे 'प्रश्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'प्रश्नपत्रिका.पीडीएफ' एवढीच दिसते. शेजारचे चित्र काय असावे हे तर फाइल करणाऱ्याच्याच हातात असते. दोनदा टिचकी मारली की प्रोग्रॅम चालू होतो, एखाद्या कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये आपली प्रत ठेवतो आणि संगणक सुरू होताना ज्यांना जागे करायचे त्यांच्या यादीत आपले नाव घालतो. पुढे तो दाबलेल्या कळांची नोंद ठेवील, साठवलेले पासवर्ड पाठवील, नाहीतर बाहेरच्या कोणासाठी दार उघडे ठेवील. कित्येकदा कबूल केलेला खेळही तो दाखवितो, म्हणजे संशय यायला नको.

म्हणून 'संगणक मंद झाला, अर्थी ट्रोजन शिरला' हा आडाखा मला फारसा पटत नाही. जुनी डिस्क, अपुरी स्मृती, एकाच वेळी उघडलेली वीस पाने यांनीही संगणक मंदावतो. चलाख ट्रोजन तर आपली चाहूल लागू नये म्हणूनच झटत असतो. त्यापेक्षा तो जिथे टिकून राहतो त्या जागा पाहाव्यात. टास्क मॅनेजरमधील सुरुवातीच्या प्रोग्रॅमांची यादी, ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, ब्राउझरला जोडलेली उपांगे आणि तारखेप्रमाणे लावलेली नव्या प्रोग्रॅमांची यादी. मायक्रोसॉफ्टचे 'ऑटोरन्स' नावाचे मोफत साधन यांतल्या बहुतेक जागा एकत्र दाखविते.

पण एक अडचण आहे. ज्याच्यावर संशय, त्यालाच आपण साक्ष विचारतो आहोत! काही दुष्ट प्रोग्रॅम प्रणालीच्या मुळाशी शिरतात आणि आपले नाव कोणत्याच यादीत दिसू देत नाहीत. म्हणूनच विंडोजच्या डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन' तपासणीची सोय आहे. तीत नेहमीची प्रणाली झोपलेली ठेवून बाहेरून डिस्क तपासली जाते. या तपासणीचा निकालही अर्थात ब्रह्मवाक्य नव्हे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या नामांकित प्रतिबंधक प्रोग्रॅमच्या नव्या ओळखयादीत चूक राहिली. विंडोज एक्सपीमधील 'एसव्हीसीहोस्ट' ही अत्यावश्यक फाइलच तिने विषाणू ठरविली आणि बाजूला काढली. जगभर असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. रोग नव्हताच, औषधाने मात्र रोगी आडवा झाला.

यंत्राची साक्ष अशी डळमळीत असते. मग भरवशाची साक्ष कोणाची? ज्याने फाइल उघडली त्याची.

याचे जुने पण बोलके उदाहरण डिसेंबर १९८९ मधले आहे. लंडनहून सुमारे २०,००० फ्लॉपी तबकड्या टपालाने निरनिराळ्या देशांत गेल्या. त्या मिळालेल्यांत एका संगणक मासिकाचे वर्गणीदार होते, तसेच एड्सविषयीच्या परिषदेचे प्रतिनिधीही होते. तबकडीवरील प्रोग्रॅम प्रश्न विचारी आणि तुम्हाला एड्सचा धोका किती ते सांगे. त्या काळी याहून प्रभावी आमिष कोणते असणार? आतून मात्र तो संगणक किती वेळा सुरू झाला ते मोजीत असे. गणती ९० च्या आसपास गेली की डिस्कवरील फाइलींची नावे अगम्य होत, फोल्डर दिसेनासे होत आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी पडद्यावर येई. जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञावर त्याबद्दल आरोप ठेवले गेले. मानसिक अवस्थेमुळे तो खटल्याला उभा राहण्यास अपात्र ठरला.

घाबरलेल्या अनेकांनी आपल्या डिस्का पुसून टाकल्या. इटलीतील एका संस्थेची दहा वर्षांची संशोधनसामग्री अशी गेल्याचे वृत्त तेव्हा आले होते. आणि गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की पुसण्याची गरजच नव्हती! जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने मूळ तबकडी मिळवून तपासली. बदलली होती ती केवळ फाइलींची नावे, तीही एका ठरीव कोष्टकाप्रमाणे. आतला मजकूर शाबूत होता. त्याने ट्रोजन काढणारा एक आणि नावे परत आणणारा दुसरा असे दोन प्रोग्रॅम लिहिले. हे जमले, कारण 'ही तबकडी घातल्यावर हे झाले' असे सांगणारे लोक होते आणि तबकडी हाती होती.

आता शिक्षकांना दोन शब्द. तुमच्या कक्षात ज्या मुलाने पेनड्राइव्हमधून खेळ आणला, त्याला काय आणले, कोठून आणले, कोणत्या वारी कितव्या तासाला चालविले आणि तोच पेनड्राइव्ह आणखी कोणत्या यंत्राला लावला हे सगळे ठाऊक असते. कोणतेही साधन ही माहिती इतक्या झटपट देणार नाही. पुढची प्रत्येक पायरी या माहितीवर उभी असते. कोणत्या तारखेच्या आधीची प्रत निर्धोक मानायची? कोणाकोणाचे पासवर्ड त्या काळात त्या यंत्रावर टाइप झाले? मुलाने शिक्षेच्या भयाने तोंड मिटले, तर ट्रोजनला आणखी आठवडाभर मोकळे रान मिळते, आणि कदाचित त्याच यंत्रावर बसून कोणी शिक्षक बँकेचे काम उरकतात. स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नाही, असा नियम कक्षाच्या दारावर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'अशाने मुले बेफिकीर होतील' हा आक्षेप मी ऐकला आहे. पण शिक्षेने फाइली उघडणे थांबत नाही. थांबते ते सांगणे.

एकदा साक्ष मिळाली की काम अवघड नाही. प्रथम यंत्राची जाळ्याशी असलेली जोडणी तोडा. तार काढा, वाय-फाय बंद करा. त्या यंत्रावरून पासवर्ड बदलू नका. नवा पासवर्डही चोराच्याच हाती जाईल! दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून तो बदला आणि जिथे सोय असेल तिथे 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' हा पर्याय निवडा. मग ऑफलाइन तपासणी करा. साधा, नाव ठाऊक असलेला ट्रोजन निघाला आणि पुन्हा तपासल्यावर काही आढळले नाही, तर तेवढ्यावर भागू शकते. पासवर्ड चोरणारा किंवा बाहेरच्याला दार उघडणारा निघाला, तर लेख, चित्रे, गुणपत्रके एवढीच उचलून ठेवा, प्रोग्रॅम एकही नको, आणि विंडोज पहिल्यापासून बसवा. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडूनही सफाईची मोफत साधने मिळतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

कक्षात दोन वस्तू मात्र आजच ठेवता येतील. स्वच्छ संगणकावर तयार केलेला, विंडोज बसविण्याचा एक पेनड्राइव्ह, कुलपात. आणि दोरीने बांधलेली एक वही, कुलपाबाहेर. तीत तारीख, यंत्राचा क्रमांक, काय उघडले, कोठून आणले, असे चार रकाने. नावाचा रकाना नको.