जिंकलं कोण, ते आधी सांगा

2023 साली रविवारी, 10 सप्टेंबरला, कोलंबोत पाऊस कोसळत होता आणि तो आपल्या घराघरांत दिसत होता. भारत-पाकिस्तान सामना 2 बाद 147 वर थांबलेला, मैदानभर आच्छादनं, आणि सगळ्या वाहिन्यांवर तासन्‌तास तेच दृश्य. नेमक्या त्याच वेळी मनिलात बास्केटबॉलच्या विश्वचषकाची अंतिम लढत रंगली होती. सोमवारी मी उघडलेल्या क्रीडापानावर तिला चार ओळी होत्या, आणि त्यातल्या दोन अमेरिका पदकाविना परतल्याच्या. याचा राग आला तो अजून गेलेला नाही.

निकाल असा: जर्मनीने सर्बियाला 83-77 असं हरवून पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. 32 संघांच्या स्पर्धेत आठपैकी आठ सामने जिंकले. उपांत्य फेरीत अमेरिकेला 113-111 असं नमवलं. मग कॅनडाने जादा वेळेत त्याच अमेरिकेला हरवून कांस्यपदक नेलं.

मथळे मात्र सगळे अमेरिकेचे! अहो, 2019 साली चीनमध्ये हाच देश सातवा आला होता. त्याच्या पराभवाचं एवढं नवल कशाला? ज्यांनी मेहनत केली त्यांची नावं तरी छापा. जर्मनीचे प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांनी 2021 मध्ये खेळाडूंना एकच अट घातली होती: सलग तीन उन्हाळे राष्ट्रीय संघाला द्यायचे. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये वर्षभर घाम गाळून सुट्टीवर डोळा ठेवणाऱ्या माणसांकडे हे मागणं सोपं नव्हतं, पण मुलांनी शब्द पाळला. कर्णधार डेनिस श्रोडरचंच पाहा. लाटवियाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत त्याने 26 वेळा नेम धरला आणि चेंडू जेमतेम चारदा जाळीतून गेला. शेवटच्या क्षणी लाटवियाचा थ्री-पॉइंटर हुकला म्हणून जर्मनी 81-79 अशी तरली. अशा सामन्यानंतर आपल्याकडे कर्णधाराला सोलून काढलं असतं. हर्बर्टनी त्याच्यावर भरवसा ठेवला. अंतिम सामन्यात त्याच श्रोडरने 28 गुण केले आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हरलेल्या सर्बियाबद्दलही लिहायला हवं. त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू निकोला योकिच त्या वेळी आलाच नव्हता. त्यात साखळीतल्या एका सामन्यात त्यांच्या बोरिशा सिमानिचला प्रतिस्पर्ध्याचं कोपर लागलं आणि मनिलातच त्याची एक किडनी काढावी लागली. सहकारी इस्पितळात असताना हा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

सिमानिच जखमी झाला त्या सामन्यात समोर होता दक्षिण सुदान. खरं सांगायचं तर त्या पंधरवड्यात मी सर्वांत आतुरतेने याच संघाचे सामने पाहिले. हा देश 2011 साली स्वतंत्र झाला आणि लगेच यादवीत होरपळला. 2023 मध्येही तिथे बंदिस्त सभागृहातलं एकही बास्केटबॉल मैदान नव्हतं. ल्युओल डेंग लहानपणी कुटुंबाबरोबर तिथून इजिप्तला पळाला, पुढे लंडनला वाढला आणि एनबीएत मोठा खेळाडू झाला. निवृत्तीनंतर त्याने मायभूमीच्या बास्केटबॉल संघटनेची धुरा घेतली आणि सुरुवातीचा बराच खर्च स्वतःच्या खिशातून केला. त्याने जगभर विखुरलेली मुलं गोळा केली. त्यांतली काही निर्वासित म्हणूनच वाढलेली. पहिल्याच विश्वचषकात या मुलांनी चीनला हरवलं, यजमान फिलिपिन्सला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं आणि शेवटी अंगोलालाही. आफ्रिकी संघांत अव्वल ठरून त्यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. अंगोलाला हरवल्यावर त्यांचा जल्लोष पाहताना माझे डोळे भरून आले.

हे वाचून कुणी विचारेल, आपला काय संबंध? भारत या विश्वचषकात एकदाही खेळलेला नाही. बास्केटबॉलसाठी ऑलिंपिकला गेला तो एकदाच, 1980 मध्ये मॉस्कोला. पण आपल्याकडे हा खेळ नाही असं मुळीच नाही. मुंबईच्या नागपाड्यातल्या दाटीवाटीतून अब्बास मुंतसर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि 1970 चा अर्जुन पुरस्कारविजेता निघाला. त्या वस्तीत आजही पोरं हा खेळ जिवापाड खेळतात. श्रोडर कोण आणि डेंगने काय उभं केलं, हे त्या पोरांना मराठी वर्तमानपत्रातून कळू नये?

तेव्हा क्रीडापान लावणाऱ्या माझ्या मित्रांना आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या मोठ्या स्पर्धेत दक्षिण सुदानचे सामने असतील त्या दिवशी दोन कॉलम मोकळे ठेवा, मजकूर मी रात्री जागून देईन.