अनुदान भिंतींना मिळते, शिक्षकाच्या अभ्यासाला कधी?

संपादक महोदय,


शाळांना सरकारने किती पैसा द्यावा यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. तो शाळेत पोचल्यावर कशावर खर्च व्हावा, याची चर्चा फारशी दिसत नाही. मी वाराणसीच्या दूधविनायक मोहल्ल्यात राहते. इथल्या एका अनुदानित इंटर कॉलेजात (म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत) आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले. माझे म्हणणे एवढेच आहे : शाळासुधारणेच्या प्रत्येक अनुदानातला ठरावीक हिस्सा शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासाठी कायद्याने राखून ठेवा आणि तो त्या शाळेच्या हातात द्या.

आधी जे चांगले झाले ते सांगते. उत्तर प्रदेशात २०१८ पासून ‘ऑपरेशन कायाकल्प’ चालू आहे. सरकारी प्राथमिक शाळांना नळाचे पाणी, फरशी, वीज, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे मिळाली. स्वच्छतागृह नाही म्हणून वयात आल्यावर शाळा सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यामुळे या खर्चाला कमी लेखण्याचा विचारही मनात येत नाही. पण कायाकल्पाचे १९ निकष वाचून पाहा. सगळे इमारतीचे आणि सोयींचे आहेत. फळा नीट आहे का हे तपासले जाते. त्या फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार समजावून सांगता येतो का, हे विचारणारा निकष त्यात नाही.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचेही तसेच. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तिला २ लाख ९४ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. त्यातून शाळेच्या हातात थेट येते ते संयुक्त शाळा अनुदान : पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, हजाराच्या वर १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावे लागतात. उरलेल्यात वीजबिल, दुरुस्ती, खडू, खेळाचे सामान. शिक्षकाने एखादा संदर्भग्रंथ विकत घ्यावा किंवा दुसऱ्या शाळेतल्या चांगल्या शिक्षकाचा तास बसून पाहावा, यासाठी मुख्याध्यापकाकडे काहीच उरत नाही. प्रशिक्षण असते, नाही असे नाही. पण ते वरून येते. २०१९ पासून ‘निष्ठा’ हा केंद्राचा प्रशिक्षण कार्यक्रम, त्यानंतर ‘दीक्षा’ या पोर्टलवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत असे लिहिले आहे. त्या तासांचे काय होते ते मी शिक्षकांच्या खोलीत पाहिले आहे : मोबाइलवर चित्रफीत चालू, शेजारी वह्या तपासणे चालू, शेवटी प्रमाणपत्र. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. मतदार याद्यांचे काम, माध्यान्ह भोजनाची नोंद, पोर्टलवरची माहिती यांतून त्यांना मोकळा तास मिळतच नाही, आणि पडद्यावरचा वक्ता त्यांच्या वर्गातली अडचण ओळखत नाही.

शिक्षकांवरच्या खर्चाचा हा प्रश्न काशीत आजचा नाही. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने इथे संस्कृत पाठशाळा काढली, तिचा खर्च महसुलातून बांधून दिला आणि पंडितांना पगार लावले. कंपनी सरकारने शिक्षणासाठी केलेल्या अगदी सुरुवातीच्या खर्चांपैकी हा एक. पहिल्या दशकातच मुख्य पंडितांवर अफरातफरीचे आरोप आले आणि त्यांना दूर करावे लागले. ‘शिक्षकांना पैसा दिला तर तो खाल्ला जातो, भिंत निदान दिसते तरी’ असे आज म्हणणाऱ्यांनी पुढचा इतिहासही पाहावा. गैरव्यवहार झाला म्हणून पाठशाळा मोडली नाही, देखरेख वाढवली. तिथेच १८४२ मध्ये बापूदेव शास्त्री गणित शिकवायला आले. मराठी घरातले, नागपुरात शिकलेले, आणि मग सिहोरला विल्किन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने भारतीय सिद्धांतग्रंथ आणि युरोपीय गणित या दोहोंत तयार झालेले. वर्गात उभे राहण्याआधी त्यांच्या अभ्यासावर कोणीतरी वर्षानुवर्षे खर्च केला होता. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले, आणि त्यांच्यानंतर ती गादी सुधाकर द्विवेदींकडे गेली. आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाची ही परंपरा आहे. शिक्षकावर केलेला खर्च दोन-तीन पिढ्या फळ देतो याचा पुरावा म्हणून मी गणिताच्या वर्गात बापूदेवांचे नाव नेहमी घेत असे.

दुसरे उदाहरण माझ्या घरापासून पायी काही मिनिटांवरचे. चौखंब्यात भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८६६ च्या सुमारास शाळा काढली; पुढे तिचेच हरिश्चंद्र महाविद्यालय झाले. १८८२ मध्ये शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, हिंदीसाठी आग्रह धरला. त्याच आयोगापुढे पुण्याहून जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातले असावेत, त्यांचा पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत १५-२० असावा, असे त्यांनी आकड्यांसह मांडले. परीक्षेच्या निकालावर अनुदान बांधण्याची पद्धत त्यांना इथल्या समाजासाठी अयोग्य वाटत होती. इंग्लंडमध्ये १८६२ पासून ती पद्धत चालू होती, आणि तिथे शिक्षक तपासनीसाच्या प्रश्नांची घोकंपट्टी करून घेऊ लागले. शतक संपण्याआधी इंग्लंडनेच ती सोडली. हा धडा आजच्या धोरणकर्त्यांनी विसरू नये : गुणपत्रिकेवर पैसा टांगला की सर्वांत दुबळ्या मुलाकडे प्रथम दुर्लक्ष होते.

पगाराची लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकली. उत्तर प्रदेशात १९७१ च्या वेतन वितरण कायद्याने अनुदानित माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना व्यवस्थापनाच्या मर्जीतून सोडवले. महाराष्ट्रात १९७७ च्या कायद्याने नोकरीला संरक्षण दिले. त्याआधी पूर्ण पगारावर सही करून हातात कमी रक्कम घेणाऱ्या शिक्षिकांच्या गोष्टी मी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. विनाअनुदानित शाळांत आजही तेच चालते, ही शरमेची गोष्ट आहे. पण ज्यांचा पगार सुरक्षित झाला, त्यांच्या अभ्यासाची व्यवस्था कोणी केली? शिक्षक घडवणाऱ्या संस्थांचे हाल महाराष्ट्राला माहीत आहेत. शिक्षक-प्रशिक्षणावरचा न्यायमूर्ती वर्मा आयोग २०११ मध्ये नेमला गेला तोच महाराष्ट्रातल्या डी. एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून.

आता १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. महाराष्ट्रातही आणि इथेही शिक्षक घाबरले आहेत. शिक्षकाच्या ज्ञानाची परीक्षा घेण्याला माझा विरोध नाही. पण वीस वर्षे ज्याला कोणी एक पुस्तक दिले नाही, त्याच्यापुढे एकदम प्रश्नपत्रिका ठेवणे हा न्याय नव्हे. परीक्षा घ्यायची तर तयारीचा खर्च सरकारने उचलावा.

समग्र शिक्षेचा पुढचा आराखडा करणाऱ्यांनी संयुक्त अनुदानात ‘शिक्षक-अध्ययन’ असे वेगळे लेखाशीर्ष घालावे. जवळच्या पाच-सहा शाळांतल्या एकाच विषयाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एक धडा कसा शिकवायचा ते ठरवावे. पुस्तके, प्रवास आणि त्या दिवशीचा बदली शिक्षक यांचा खर्च त्यातून निघावा. हिशेब नुसत्या पावत्यांवर घेऊ नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अनुभवी माणसाने वर्गात येऊन बसावे. वाराणसीची ती संस्था सारनाथला आहे, फार लांब नाही. १९८६ च्या धोरणातून या संस्था याच कामासाठी उभ्या राहिल्या. तिथल्या रिकाम्या जागा आधी भरा.

दूधविनायक, ब्रह्मघाट, दुर्गाघाट या गल्ल्यांतली मराठी मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीत शिकतात. अशा मुलाला पहिलीत काय कळले नाही हे ओळखणारा शिक्षक लागतो. ते काम फरशीने होत नाही. सीमाभागातल्या आणि परप्रांतातल्या पुष्कळ मराठी मुलांची ही स्थिती आहे.

आपल्या वाचकांत शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य असलेले पालक नक्कीच असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या बैठकीत अनुदानाचा हिशेब मांडला जाईल तेव्हा रंग आणि दुरुस्तीचा आकडा विचाराच, पण शिक्षकांच्या पुस्तकांवर आणि अभ्यासावर किती खर्च झाला तेही विचारा, आणि उत्तर शून्य आले तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दूधविनायक, वाराणसी