हैदराबाद आठवतं, ते दाखल्यापुरतं!

मराठवाड्याला हैदराबाद दोनदा आठवतं. एकदा १७ सप्टेंबरला. झेंडावंदन होतं, रझाकारांच्या अत्याचारांवर भाषण होतं, पोरांना खाऊ मिळतो आणि विषय संपतो. दुसऱ्यांदा आठवतं ते दाखल्यासाठी. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराने शासन निर्णय निघाला. तेव्हापासून आमच्या जिंतूरमध्ये चहाच्या टपरीवरही गॅझेटची चर्चा असते. ते गॅझेट ज्या शहराच्या नावाचं आहे, त्या शहराशी आपला संबंध काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझा आक्षेप आरक्षणाच्या मागणीला नाही. आक्षेप आहे तो राजधानीला रेकॉर्ड रूम समजण्याला.

साधी गोष्ट घ्या. जिंतूरची राजधानी मुंबई झाली ती १ नोव्हेंबर १९५६ला. त्याआधी जिंतूर हैदराबाद राज्यात होतं. आमच्या पणजोबांच्या पिढीने राजधानी म्हटलं, की पुणं-मुंबई नव्हे, हैदराबादच डोळ्यांसमोर यायचं. जिंतूरला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. पण परभणी गाठली, की गोदावरी खोऱ्याची रेल्वे थेट तिकडे न्यायची. काचीगुड्याला उतरायचं आणि तिथून जवळच सुलतान बाजार, कोठी. चारमिनारसमोर रील करून परत येणाऱ्या आपल्या पोरांपैकी किती जण मुसी ओलांडून या भागात येतात? आपला इतिहास तर इथल्या गल्ल्यांमध्ये आहे.

सुलतान बाजार म्हणजे जुना रेसिडेन्सी बाजार. निजामाच्या राजधानीत असूनही या वस्तीवर हुकूम इंग्रज रेसिडेंटचा चालायचा. १९३३मध्ये ती निजामाच्या ताब्यात परत आली आणि नाव बदललं. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची, तर परवानगीसाठी खेटे घालावे लागत. या एका पट्ट्यात त्यामानाने मोकळीक होती. म्हणून सार्वजनिक जीवन तिथे रुजलं. मराठी माणसांची विवेक वर्धिनी शाळा याच परिसरात वाढली. तिच्या उभारणीत पुढे असलेले केशवराव कोरटकर तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. पुढे ते हैदराबादच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. १९३१मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. नरहर कुरुंदकर वसमतजवळच्या कुरुंद्याचे, पण कॉलेजात शिकायला गेले ते हैदराबादच्या सिटी कॉलेजात. मराठवाड्याचा विचार ज्या शहरात घडला, ते शहर आपल्या शाळेच्या पुस्तकांत कितीसं आहे?

इथे कुणी तरी म्हणणार, ‘म्हणजे निजामाचं कौतुक करायचं का?’ अजिबात नाही. उस्मानिया विद्यापीठात मराठी पोरांना उर्दूतूनच शिकावं लागायचं. १९३८मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं. हे विसरायचं कारण नाही. पण राजा जुलमी होता म्हणून राजधानीच पुसून टाकायची, हा कुठला न्याय? त्या जुलमाशी भांडणारी माणसंही याच राजधानीत होती. ती पुसली, तर मुक्तिसंग्रामातलं उरणार काय?

शोएबुल्ला खान यांचंच बघा. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावं, असं ते उघडपणे लिहीत होते, रझाकारांवर टीका करत होते. ऑगस्ट १९४८मध्ये काचीगुड्याच्या बाजूला रात्री घरी परतताना त्यांना गाठलं, गोळ्या घातल्या, हात तोडले. लिहिणारे हात. पुढच्याच महिन्यात हैदराबाद मुक्त झालं. १७ सप्टेंबरच्या किती भाषणांत हे नाव तुम्ही ऐकलंय? मी तरी जिंतूरमध्ये एकदाही ऐकलेलं नाही. कारण हे नाव घेतलं, की ‘उर्दू म्हणजे रझाकार’ हे सोपं गणित चुकतं.

आणि या गणिताची शिक्षा आता आपल्यालाच होतेय. आमच्याकडे कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत जुने कागद आहेत. काही मोडीत, काही उर्दूत. शेत कुणाचं, वारस कोण, जात काय, सगळं त्यात लिहिलंय. पण घरातल्या एकालाही ते वाचता येत नाही. वाचणारा म्हातारा माणूस शोधा, त्याची मिनतवारी करा, तो सांगेल ते खरं माना. दुकानावरची उर्दू पाटी दिसली की ज्याचं रक्त तापतं, तोच माणूस पणजोबाच्या नावाचा उर्दू कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून तहसीलला घेऊन जातो. यातली विसंगती त्याला जाणवत नाही, कारण ती भाषा आपल्या गावच्या कारभाराची होती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

समित्या येतील, जातील. त्या हव्या तेवढ्या नोंदी काढतील आणि कपाट बंद करतील. बाकीचे कागद वाळवी खाईल. हे थांबवायचं, तर मराठवाड्यातल्या कॉलेजांत मोडी आणि उर्दू लिपी शिकवायला हवी, आवड म्हणून नव्हे, हक्काचं साधन म्हणून. आमच्यासारख्या शेतीच्या तालुक्यात जमिनीचे जुने कागद वाचता येणाऱ्या पोराला कामाची कमी पडणार नाही. तेलंगणाच्या अभिलेखागारात पडलेल्या आपल्या दप्तराच्या प्रती मागण्याचं काम सरकारने जातीच्या रकान्यापुरतं करू नये. आपल्या गावांचे महसूल, पाणी, दुष्काळ, शाळा, सगळंच मागावं.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. घरात असा कागद असेल, तर तो लॅमिनेट करू नका, घडी मोडून सपाट ठेवा, मोबाईलवर नीट फोटो काढा आणि वाचता येणाऱ्याकडून पूर्ण वाचून घ्या. फक्त जातीची ओळ नाही. पूर्ण.