काटकसर आणि विवेक

जुन्या वस्तूंचा पुन्हा उपयोग करणे ही काटकसर खरी. परंतु काटकसरीच्या नावाखाली विष घरात घेणे हा शहाणपणा नव्हे. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात परदेशांतून १३३ कंटेनर तेल आले. कागदोपत्री ते वंगण होते. तपासणीअंती ते वापरून टाकलेले घातक तेल ठरले. असे तेल साध्या भट्टीत जाळले, तर त्यातील विषारी द्रव्ये श्वासावाटे कामगारांच्या शरीरात शिरतात. म्हणून ते विशेष भट्टीत नष्ट करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. श्रीमंत देशांचे टाकाऊ तेल गरीब देशांना स्वस्त वाटते. परंतु त्याची खरी किंमत तेथील श्रमिकांना आपल्या आरोग्याने चुकवावी लागते. वस्तू अवश्य पुन्हा वापरावी. मात्र आधी ती पारखून घ्यावी.