टाळ्या कोणासाठी?

२० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनी येथे स्पेनच्या महिला फुटबॉल संघाने इंग्लंडला १-० असे नमवून विश्वचषक जिंकला. पदकवितरणाच्या वेळी स्पॅनिश फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी जेनी हेर्मोसो या खेळाडूचे डोके दोन्ही हातांनी धरून तिच्या ओठांचे चुंबन घेतले. आपली त्यास संमती नव्हती, हे तिने जाहीर केले. पाच दिवसांनी महासंघाच्या सभेत 'राजीनामा देणार नाही' असे अध्यक्षांनी पाच वेळा बजावले आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

आम्हांस त्या टाळ्याही गैरवर्तनाइतक्याच गंभीर वाटतात. अशा टाळ्यांच्या आणि मौनाच्या आधारावरच सत्ताधाऱ्याचा उद्दामपणा पोसला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये याच संघाच्या पंधरा खेळाडूंनी संघातील वातावरण आपल्या मनःस्वास्थ्यास बाधक असल्याचे लेखी कळविले होते. महासंघाने उलट त्यांच्याकडूनच क्षमायाचनेची अपेक्षा केली. त्यांपैकी केवळ तिघी विश्वचषकाच्या संघात होत्या.

या वेळी मात्र ८१ खेळाडूंनी एकमुखाने सांगितले, की हे नेतृत्व असेतोवर आम्ही देशासाठी खेळणार नाही. रुबियालेस निलंबित झाले आणि १० सप्टेंबर रोजी त्यांनी राजीनामा जाहीर केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून १०,८०० युरो दंड ठोठावला. एकटीचा आवाज दडपता येतो. संघटित आवाजापुढे सत्तेला नमावे लागते. हे आपणांस नवे नाही. १९४२ साली नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो भगिनी याच बळाने एकत्र आल्या होत्या. हिंदू कोड बिल रखडविले गेले, म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या सन्मानापुढे पद गौण मानणारा हा वारसा आपला आहे.

दिल्लीत जंतरमंतरवर २०२३ साली आपल्या पदकविजेत्या महिला कुस्तीपटूंना न्यायासाठी रस्त्यावर बसावे लागले, तेव्हा आपण हळहळलो. परंतु निवासी शाळेत भोजन, रजा, गुण आणि संघनिवड ही सारी सूत्रे मोठ्यांच्याच हाती असतात. घरापासून दूर राहणारी तेरा वर्षांची मुलगी रस्त्यावर कशी बसणार?

काही समाजबांधव म्हणतील, की धम्मदानातून, कष्टाने उभ्या राहिलेल्या संस्थेकडे बोट दाखविण्यास अनेकजण टपलेले असतात. म्हणून घरातले घरातच मिटवावे. ही भीती निराधार नाही. पण ज्या समाजाने शतकानुशतके 'गावाची अब्रू' या नावाखाली अन्याय सोसला, त्याने तोच युक्तिवाद आपल्या लेकींपुढे करावा काय? बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. ती दडपणे हाच गुन्हा आहे.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. तक्रार समितीत व्यवस्थापनाच्या बाहेरील महिला असाव्यात. माजी विद्यार्थिनींना त्यात स्थान द्यावे. १०९८ हा बालमदत क्रमांक प्रत्येक वसतिगृहात ठळक लावावा आणि मुलींना कोणाच्याही परवानगीविना दूरध्वनी करता यावा. तक्रार करणाऱ्या मुलीचे संघातील स्थान व शिष्यवृत्ती अबाधित राहील, असे लेखी आश्वासन पालकांस द्यावे.

माजी विद्यार्थ्यांनी देणगीचा धनादेश देताना या तीन गोष्टींची विचारणा अवश्य करावी. संस्थेवरील प्रेमाचाच तो भाग आहे.